ईथरवाल्याचं लग्न

अंतरपाट धरणारे दोघे उभ्याउभ्याच पेंगू लागले, तेव्हा वामनला कळलं की शिकेकाईची आंघोळ पुरलेली नाही. शस्त्रक्रियेआधी रोग्याला गुंगी आणणारं ईथर तो कामाला होता त्या कारखान्यात पिंपांनी निघे. भट्टीवर पाच वर्षं काढली की वाफ कातडीत मुरायची आणि घामावाटे बाहेर पडायची.

दुसऱ्या मंगलाष्टकाला भटजी आडवे झाले. मागोमाग सनईवाला, परगावचं वऱ्हाड आणि प्रत्येक लग्नात रुसणारी आत्याही. अंतरपाट गळून पडला. पलीकडे नवरी गोदा टक्क जागी होती.

"तुम्हाला झोप नाही आली?" वामनने विचारलं.

"मी तुमच्याच कारखान्यात बाटल्या भरते. लग्नाआधी तुम्हाला सांगायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं होतं."

मुहूर्ताचं घटिकापात्र पाण्यात बुडायला आलं होतं. गोदाने उरलेलं मंगलाष्टक स्वतःच म्हटलं आणि पात्र बुडताच माळ घातली.

तासाभराने सगळे ताजेतवाने उठले. आत्या म्हणाली, "मानपान राहू दे, आधी जेवायला वाढा."

पुढच्या हंगामात कारखान्यातल्या प्रत्येकाला लग्नांची आमंत्रणं आली. देणारा दारातच बजावायचा, "या नक्की. फक्त आंघोळ करू नका."