वाळवणाची राखण

"भिंत उंच करा, वर काचा लावा!" सोसायटीचे सेक्रेटरी गुर्जरकाका कडाडले. इमारतीमागच्या बोळात भिंत ओलांडून चोर दोनदा आले होते.

"उंच भिंतीआड चोर दिसणार कुणाला? कमरेएवढीच ठेवा. ऊन येईल, वाळवण घालता येईल," लोखंडेआजी म्हणाल्या. सभेला पटलं.

बोळात कुरडया आल्या, कावळे हाकायला बायका आल्या. काका धुमसतच होते. भिंत कुचकामी आहे हे दाखवायला एका दुपारी तोंडाला टॉवेल गुंडाळून त्यांनी ती ओलांडली.

पाय टेकताक्षणीच पाठीत आजींची काठी बसली. टॉवेल सुटला.

"अगंबाई, तुम्ही! मला वाटलं चोर!"

"मलाच पकडलंत, मग चोर कसला सुटतोय!" पाठ चोळत काका हसले. "राहू दे भिंत. उद्यापासून मीही येतो राखणीला."

आजींनी काठी त्यांच्याच हाती दिली. "उद्या कशाला? तो बघा कावळा!"