अंदाजाचे ठोके

खिडकीतून आलेले कोवळे ऊन दुकानाच्या काचेवर बराच वेळ रेंगाळले, स्क्रूंच्या डबीवरून सावकाश उतरले आणि हेरंबने पुढे ठेवलेल्या वडिलांच्या, आप्पांच्या, स्मार्ट घड्याळावर येऊन थांबले.

"हृदयाचे ठोके अडखळतायत. सेन्सर पुसून बघा ना," तो म्हणाला.

दुरुस्ती करणाऱ्या शमाताईंनी घड्याळ उघडले. "सेन्सर ठीक आहे. मनगटावरून काढलं, तरी घड्याळ जुन्या सवयीने अंदाजाचे ठोके दाखवत राहतं. दहाएक दिवसांनी अंदाजही विरतो."

तेवढ्यात हेरंबचा फोन वाजला. काका ओरडले, "अरे, घाटावर गुरुजी खोळंबलेत! दहावा तुझ्याशिवाय कसा करायचा?"

"काका, आप्पांचे ठोके चालू आहेत."

हेरंबने फोन ठेवून दिला.

"शेवटचा खरा ठोका कधीचा, सांगू?" शमाताईंनी हळूच विचारले.

हेरंबने होकारार्थी मान हलवली.

"सहा तारीख. पहाटेचा."

आप्पांना जाऊन आज दहावा दिवस होता.