वाकडी खिडकी

नाक्यावरच्या वनरक्षकाने धाकट्याचे खिसे तपासले आणि काडेपेटी काढून घेतली. वर आता जळायला काही उरलं नाही, पण नियम तो नियम, असं म्हणाला. तुमच्या बाजूला अजून कोणी फिरकलेलं नाही, काय असेल ते बघा आणि अंधार पडायच्या आत परत या.

धाकटा चढू लागला. पायाखाली राख, दोन्ही बाजूंना काळे बुंधे. एक पाखरू नाही. शेजाऱ्यांच्या घराचं नुसतं धुराडं उभं होतं.

टेकडीवरचं ते लाकडी घर बाबांनी स्वतः बांधलेलं. सुतारकाम यथातथाच. एक खिडकी तर अशी वाकडी, की येणारा-जाणारा मान तिरकी करूनच बाहेर बघायचा. आई होती तोवर तिघं भावंडं दर सुट्टीत इथे जमायची. ती गेली आणि ज्याचा त्याचा संसार मोठा झाला. धाकट्याचा संसार म्हणजे तो एकटाच. येण्याआधी तो दोघांनाही फोन करायचा. ताईला कामं, मधल्याचे गुडघे. कारणांना काय तोटा! इथे येऊन तो तीन कप काढायचा आणि दोन परत ठेवायचा. माणसांचा नुसता भुकेला होता बिचारा.

वणव्याची बातमी आली तेव्हा मात्र ताईने आपणहून फोन केला. कितीतरी महिन्यांनी.

शेवटचं वळण संपलं. त्याने समोर बघितलं. मग चार पावलं पुढे जाऊन बसला आणि ताईला फोन लावला.

“पोचलास? काही राहिलंय का रे?”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सांग ना.”

“काही नाही, ताई. सगळं गेलं.”

“बाबांची खुर्ची?”

“गेली.”

“आणि ती वाकडी खिडकी?”

“ती पण.”

ताई रडायला लागली. तिने दुसऱ्या फोनवरून मधल्याला गाठलं. गुडघे गेले खड्ड्यात, मी येतो, म्हणाला तो. रविवारी सगळ्यांनीच यायचं ठरलं, अगदी मुलाबाळांसकट.

“एकटा रडत बसू नकोस तिथे,” ताई म्हणाली. “आम्ही येतोय.”

“या. मी वाट बघतो.”

फोन खिशात टाकून तो बाबांच्या खुर्चीतून उठला. खिडकीशी गेला, मान तिरकी करून एकदा बाहेर बघितलं. मग चुलीवरच्या फळीवर, आई काडेपेटी ठेवायची तिथे, त्याने हात घातला.