आपलं तेवढं सोडून

“सर, इथं एक नाव कमी आहे,” ज्युनिअर प्रोग्रामर विभा म्हणाली आणि तिनं कागदावर पेन्सिल टेकवली.

रंगनाथ बर्व्यांनी चष्मा वर केला. जयपूरच्या त्या सरकारी संगणक केंद्रात प्रिंटरचा कागद टेबलावरून उतरून पार दारापर्यंत पसरला होता. नव्या लांब टेपा आल्यापासून मशीन रोज मधेच मरत होतं. म्हणून बर्व्यांनी कर्नलमधल्या, म्हणजे मशीनच्या पोटातल्या मूळ प्रोग्राममधल्या, प्रत्येक फंक्शनच्या, एकेक काम करणाऱ्या तुकड्याच्या, तोंडाशी एक ओळ घातली होती: कामाला लागलास की आधी आपलं नाव छाप. कुणी कुणाला हाक मारली ते ओळीनं कागदावर उतरायचं. शेवटचं नाव ज्याचं, मशीन त्याच्या हातात मेलं.

चार वेळा कागद वाचून झाला होता. शेवटी दर वेळी मशीन बनवणाऱ्या कंपनीचं जुनं फंक्शन, त्यात खोट निघेना. मग उरला माणूस. टेपा चढवणारा ऑपरेटर सुखदेव, अजून कच्च्या नोकरीवरचा. सोमवारी बर्व्यांनी त्याला समोर उभं केलं. “टेप चालू असताना तूच ओढलीस. आठव नीट. लिहून दे, मी सांभाळून घेतो.” तासभर “नाही सर, नाही सर” करत शेवटी त्यानं लिहून दिलं. सांभाळतंय कोण! कागद सरळ मोठ्या साहेबांकडे गेला. आज पाचला सुखदेवला घरी बसवायच्या हुकमावर सही होणार होती.

“हे जुनं फंक्शन पुढं टेपच्या फंक्शनला हाक मारतं,” विभा म्हणाली. “त्याचं नाव छापून यायला हवं ना?”

“ते माझं आहे.”

“हो सर. पण त्यात ती ओळ नाहीये.”

“नाही घातली. मी स्वतः लिहिलंय ते. त्यात काय बघायचंय?”

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!

विभानं ओळ घातली, कर्नल पुन्हा बांधला, टेप स्वतः चढवली आणि हात मागे बांधून लांब उभी राहिली. प्रिंटर खडखडला नि थांबला. शेवटचं नाव बर्व्यांच्या फंक्शनचं. टेप लांब असली तर थांबायचं कुठं, हेच त्यात लिहायचं राहिलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आपण, आणि वर त्याच्याच हातानं लिहून घेतलं. इतकी लाज बर्व्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

साडेचारला ते मोठ्या साहेबांपुढं मान खाली घालून उभे राहिले, सगळं सांगितलं, ऐकायचं ते ऐकून घेतलं आणि तो कबुलीजबाब परत घेऊन आले.

सुखदेव व्हरांड्यात टेपांच्या चकत्या पुसत होता. त्यांना बघून तो धडपडत उठला.

“सुखदेव, चूक माझी होती. माझ्या प्रोग्रामची. तुझी नोकरी शाबूत आहे. हा कागद तुझ्या हातानं फाड.”

तो रडेल, नाहीतर चार शिव्या तरी देईल, असं त्यांना वाटलं होतं. दोन्ही सोसायची त्यांची तयारी होती. सुखदेवनं कागद घेतला, पण फाडला नाही.

“मतलब, मी टेप ओढली नव्हती?”

“नाही रे बाबा. तू काहीच केलं नव्हतंस.”

सुखदेवनं आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला.

“पण सर,” तो म्हणाला, “मला तर आता आठवतंय ओढलेली.”