दिवसातून दोन वेळा

"वकीलकाका, तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचे पैसे का म्हणून द्यायचे?"

तोफेने विचारून टाकलं. घरात तिला तोफच म्हणत. मैत्रिणींनी पैज लावली होती, वकिलाला तोंडावर विचारशील तर खरी! विचारलं. आवाज कापलासुद्धा नाही.

बाबांनी कपाळाला हात लावला. ते इमारतीचे सेक्रेटरी. जुन्या लिफ्टच्या जागी बसवायच्या नव्या लिफ्टचा खर्च सगळ्या घरांनी सारखा द्यायचा ठरला, आणि तळमजल्यावरच्या शिवणकाकू एकट्या आडव्या आल्या. मला लिफ्ट लागतच नाही, म्हणाल्या. प्रकरण कोर्टात गेलं.

घरी आलेल्या इमारतीच्या वकिलांची मात्र कळी खुलली. "शाब्बास! न्यायाधीश हेच विचारणार. आणि उत्तर आहे तुझ्याकडे." त्यांनी टाइप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला.

'तळमजल्यावरील बाई गेल्या वर्षी सलग तीन महिने, दिवसातून दोन वेळा, लिफ्टने चौथ्या मजल्यावर येत. हे मी स्वतः पाहिले आहे.' खाली तिचं नाव. त्याखाली सहीसाठी जागा. ती बारावीत होती, आणि सही चालण्यासाठी लागणारी अठरा पूर्ण होऊन वीसच दिवस झाले होते.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच की," बाबा म्हणाले. "परवा जेवताना."

सांगितलं होतं खरं. काकू कशा म्हणतात लिफ्ट लागत नाही, आजीसाठी तर रोज यायच्या! तोंडाला कुलूप कधी नव्हतंच.

तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली, आई-बाबा कामावर, ती शाळेत. काकू हातातलं शिवण टाकून अकराला यायच्या, तीनला यायच्या, आजीला कूस बदलून द्यायच्या. आजी गेली तेव्हा तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती.

"कशासाठी यायच्या, ते यात नाही," ती म्हणाली.

"कारण कोणी विचारलेलं नाही, बाळ. वापर विचारलाय."

"मला काय हौस आहे?" बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "एकीला सोडलं की उद्या पहिला मजलाही हात वर करेल. मग लिफ्ट काय मी पाठीवर बांधून आणू? एक सही कर. संपेल एकदाचं."

आई वाटाणे सोलत होती. शेंगा संपल्या होत्या, बोटं चालूच होती.

तोफेने राग शोधला. सापडला नाही. रडूही येईना. दातांचा डॉक्टर सुई टोचतो आणि ओठ आपला राहत नाही, तसं झालं होतं सगळं. वकिलांनी पेन उघडून दिलं. तिने ते हातात घेतलं, थोडा वेळ धरलं, टोपण लावून परत ठेवलं.

"तुझ्या सहीवाचून अडणार नाही," वकील म्हणाले. "मग तारखेला यायचीही गरज नाही तुला."

"येणार."

"कशाला?" बाबांनी विचारलं.

"आई, त्या दिवशी माझा डबा करू नकोस," ती म्हणाली. "मी शाळेत जाणार नाही. शिवणकाकूंबरोबर कोणी नसतं. मी त्यांच्या बाकावर बसणार आहे."