भुलीची सुई

गोऱ्हा खच्ची करायचा म्हणून खाजाभाईनं उदगीरहून जनावरांचे डॉक्टर बोलावले. भुलीची सुई, जखमेचं औषध, सगळं तीनतीनदा विचारून घेतलं. "मुकं जनावर हाय साहेब, त्याला कळ लागू नये."

ओसरीत बाळाची दूधओली झोप थोपटत रेश्मा ऐकत होती. उद्या बाळाची सुंता. न्हावी आजोबांच्या काळचा, वस्तराही त्याच काळचा. त्याच वस्तऱ्यानं जावेच्या पोराची जखम महिनाभर चिघळली होती.

"अवो, ह्यालाबी दवाखान्यात न्या की."

"येडी हायस का? आमचं सगळ्यांचं घरीच झालं. रडल घडीभर!"

रेश्मा उठली आणि बाळाची झोळी गोठ्यात, गोऱ्ह्याशेजारी बांधू लागली.

"हे काय करायलीस?"

"डॉक्टर हायत तवर ह्यालाबी जनावरांत धरा."