दुसरा डोळा

भाचीच्या आवडत्या सिनेमातला एकडोळ्या ड्रॅगन मी तिच्या वाढदिवसासाठी वीस बिस्किटांवर आयसिंगने काढला. त्याच सिनेमाला घोरला म्हणून तिने सख्ख्या बापाशी तीन दिवसांपासून अबोला धरला होता. शेजारच्या खुर्चीत मीही गाढ झोपलो होतो, पण बिनआवाज. पाहुण्यांचे आवाज जिन्यात पोचले आणि भाची तपासणीला आली. एक बिस्कीट उचलून तिने ड्रॅगनचे पाय मोजले, दात मोजले. “मामा, दुसरा डोळा?” “एकच असतो ना गं त्याला!” “शेवटी उगवतो. अख्खं थिएटर टाळ्या वाजवत होतं.” मी दचकलो आणि मुठीतली आयसिंगची पिशवी ताईच्या पुसलेल्या ओट्यावर रिकामी झाली. भाचीने चमच्याने त्यातलंच थोडं उचलून ड्रॅगनला दुसरा डोळा काढला. मिटलेला. ते बिस्कीट माझ्यासमोर ठेवून तिने तीन दिवसांनी पहिल्यांदाच हाक मारली, “बाबा, मामाला सांग, मी त्याच्याशी बोलत नाही.”